तिसऱ्या फेरीतलं नाव

गळ्याशपथ घ्यायला मी सांगितलं नव्हतं. हे आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या घरात काही बिघडलं की सगळे माझ्याकडे बघतात, आणि काही सुधारलं की माझा मुलगा राजेश म्हणतो, "मी म्हणत नव्हतो?"

झालं असं, की एका रविवारी माझी धाकटी लेक इला अ‍ॅशबर्नहून चार तास गाडी हाणत आमच्याकडे, अमेरिकेतल्या पिस्कॅटवेला आली, ती नोकरी घेऊनच. स्वतःसाठी नव्हे, तिला आहे. राजेशच्या रुहीसाठी. इला राहते त्या गावात गोदामंच्या गोदामं कंप्युटरांनी भरलीत. त्या कंप्युटरांना माणसांपेक्षा गार हवा लागते आणि ती मिळते की नाही हे बघायला शिकलेली माणसं ठेवतात. रुही शिकलेली आहे. पण तिला गावात ओळखतात ते बास्केटबॉलसाठी. सहा फुटाला दोन बोटं कमी, केसांची घट्ट वेणी, आणि हात असे की फळीवरचा डबा काढायला मी तिलाच हाक मारते. कॉलेजच्या बंदिस्त स्टेडियमात ती चेंडू घेऊन धावायला लागली की हजारो गोरी-काळी माणसं उभी राहून "पिंगळी! पिंगळी!" असं ओरडतात. पिंगळे म्हणता येत नाही त्यांना. चालायचंच, पायावर उभी राहतात ना?

कॉलेज आता संपत आलं. पुढं काय, हा प्रश्न. बायकांची मोठी लीग आहे, तिथं खेळणं हेच पोटापाण्याचं काम असतं. त्या लीगच्या टीम एका संध्याकाळी बसून कॉलेजातल्या पोरी निवडतात. तीन फेऱ्या होतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. आणि त्याच दिवशी इलाच्या नोकरीच्या कागदावर सही करायची मुदत संपत होती.

तेव्हा रुहीनं आत्याला शब्द दिला. "पहिल्या दोन फेऱ्यांत माझं नाव नाही आलं, तर मी अ‍ॅशबर्नला येते. प्रॉमिस."

"तुम्हा पोरांचं प्रॉमिस मला नको," इला म्हणाली. "उठता-बसता प्रॉमिस करता तुम्ही. गळ्याशपथ म्हण."

आता ही पोर इथं जन्मलेली. देवळात नेली तर प्रसादापुरती हात जोडते. पण लहानपणी इलानंच तिला शिकवलेलं, की गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली आणि मोडली, तर ज्याची घेतली त्याचं बरंवाईट होतं. आणि ज्याची घेतली त्यानं स्वतः "सुटली" म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. तेवढं मात्र ती मानते. तिनं इलाच्या गळ्याला दोन बोटं लावली आणि म्हणाली, "आत्या, तुझ्या गळ्याशपथ."

मी तिथंच बसले होते. फुशारकीनं बोलूनही गेले, "पिंगळ्यांच्या घरात शब्द फिरत नाही." जीभ म्हणजे ना! चौथीत शाळा सुटली ती या जिभेपायीच. मास्तरांना उलट बोलले होते.

ड्राफ्टच्या दिवशी राजेशनं बेसमेंटमध्ये मोठा टीव्ही लावला. अंगात रुहीच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं जर्सीचं बनियन चढवलं. ते रुहीच्या मापाचं, आणि राजेशचं पोट राजेशच्या मापाचं. सून हिमानीनं खायला कांदेपोहे केले. मुद्दाम नव्हे, सोपे म्हणून. पण मला हसू आवरेना.

"काय झालं, आई?" हिमानीनं विचारलं.

"पोरीला बघायला आज सगळी अमेरिका येणार, आणि तू नेमके पोहेच केलेस."

"अय्या!" म्हणाली आणि ताटलीनं तोंड झाकून हसत सुटली. हिमानी हसायला लागली की थांबत नाही, नागपूरची आहे.

माझे धाकटे दीर हेमचंद्रभाऊजी एडिसनहून आले. पन्नास वर्षं झाली त्यांना इथं येऊन, हृदयाचे डॉक्टर होते, आता रिटायर आहेत आणि कुणी न विचारता सगळ्यांची हृदयं तपासतात. ते सोफ्यावर बसले आणि कानातलं मशीन नीट करत म्हणाले, "शोभावहिनी, आधीच सांगतो. कॉलेजचे हिरो वेगळे आणि प्रोफेशनल वेगळे. आमच्या बॅचला पहिला आलेला मुलगा, आम्ही त्याला देव मानायचो. हॉस्पिटलात पहिल्या दिवशी रक्त काढायला गेला आणि पेशंटच्या आधी स्वतःच आडवा पडला."

"काका, तो तुम्हीच ना?" राजेशनं विचारलं.

"मी दुसरा आलो होतो," भाऊजी म्हणाले.

"बाबा, हेमआजोबा बरोबर बोलताहेत," रुही खाली सतरंजीवर पाय पसरून बसली होती. "इच टीम, ओन्ली ट्वेल्व्ह जागा. कॅम्पला अठरा मुली जातात. सहा जणींना घरी पाठवतात. आणि ट्वेल्व्हमधल्या टेन तर आधीच फिक्स."

"म्हणजे सासर," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"बघताय काय? माहेरी पोरीच्या हातची पोळी म्हणजे अमृत. शेजारपाजार कौतुक करतो. सासरी गेली की तिथं पाच जावा, पाचींची पोळी अमृत. मग या नवीला काय, तर लसूण सोल. आता ती लसूण सोलता सोलता चुलीपर्यंत पोचते की रडत माहेरी येते, ते तिच्या पोळीवर नसतं."

"मग कशावर असतं, आजी?"

"लसूण कशी सोलते त्यावर."

रुहीनं तोंड वाकडं करून विचार केला. "लसूण म्हणजे डिफेन्स, ज्याला टाळ्या नसतात. दॅट इज अ‍ॅक्चुअली गुड," ती म्हणाली. मला काही कळलं नाही, पण कौतुक असावं.

तरी त्या दिवशी मी इलाच्या बाजूनं होते, खोटं कशाला बोलू? मला नात खुर्चीवर बसलेली हवी होती, गळ्यात फोटोचं कार्ड, देवळात चारजणींत सांगता येईल असं. हिमानीही इलाच्या बाजूनं. राजेश एकटा खेळाच्या बाजूनं आणि भाऊजी आकड्यांच्या. इला स्वतः पुन्हा चार तास गाडी हाणून आली होती, शेंगदाण्याची चटणी घेऊन. तिच्या नव्या मिक्सरमध्ये वाटलेली. नवा म्हणजे आता चार-पाच वर्षांचा, पण ती अजून नवाच म्हणते. त्याला कारण आहे.

पहिली फेरी सुरू झाली. टीव्हीवर उंच उंच पोरी एकेक करून स्टेजवर येत होत्या, कुणी झगमगीत कपड्यांत, कुणी आईला मिठी मारून रडत. प्रत्येक नावाआधी राजेश उठून उभा राहायचा आणि नावानंतर बसायचा. पंधरा नावं, पंधरा उठाबशा. शाळेत एवढ्या काढल्या नव्हत्या त्यानं.

"पहिल्या फेरीत आपण धरलंच नव्हतं," तो घाम पुसत म्हणाला.

"तू बनियन काढ आधी," भाऊजी म्हणाले. "रक्त फिरत नाहीये तुझं."

दुसरी फेरी. आणि इथं गंमत व्हायला लागली. हिमानी पोह्यांची रिकामी भांडी वर नेत होती, ती पायरीवरच थांबली. टीव्हीवर एका पोरीचं नाव आलं.

"ही?" हिमानी म्हणाली. "या मुलीला रुहीनं जानेवारीत रडवलं होतं! मी बघितलंय! हिला घेतलं?"

"हिमानी, सिस्टम असते, टीमची गरज असते..." इला समजावायला गेली.

"कसली गरज? डोळे तपासून घ्यायची गरज आहे त्यांना!"

सकाळपासून नोकरी नोकरी म्हणणारी माझी सून, पण तिच्या पोरीला कुणी नको म्हटलं की झालं! भांडी तिथंच पायरीवर ठेवून ती राजेशच्या शेजारी येऊन बसली. पुढच्या नावाला दोघंही उठले. त्याच्या पुढच्या नावाला मात्र राजेश उठला नाही. गड्याचा धीर सुटला होता. विसावं नाव, पंचविसावं, मग तिसावं. दुसरी फेरी संपली.

भाऊजींनी कानातलं मशीनच बंद करून टाकलं.

"बेटा," राजेश रुहीला म्हणाला, आणि माझ्या मुलाचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता, "जॉबपण छान आहे, यार. रियली. आत्या आहे तिथं."

"राजेश, तू गप्प बस," हिमानी म्हणाली. म्हणजे बघा, सकाळी बाप खेळाचा आणि आई नोकरीची, आता आई खेळाची आणि बाप नोकरीचा. यांचं लग्न मीच जमवलं होतं.

रुही उठली. हसली. तिचं ते हसू मला ओळखू येतं, हरल्यावर समोरच्या टीमशी हात मिळवताना असतं तसलं. "इट्स ओके, गाइज. आत्या, फोन दे. साइन करते."

इलानं फोन काढला. आजकाल सही बोटानं करतात. पण इलाचं स्वतःचं बोट काही चालेना. कागद सापडेना, मग सापडला तर उघडेना. ती मला नंतर म्हणाली, "आई, मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं गं. आणि मला चोरी केल्यासारखं वाटत होतं." हिमानीनं टीव्हीचा आवाज बंद केला. "नको ते ऐकायला," म्हणाली. सगळे त्या फोनभोवती गोळा झाले, टीव्हीकडे पाठ करून.

टीव्हीकडे तोंड एकट्या माझं होतं. गुडघ्यांमुळे मी उठत नाही लवकर.

आता माझं इंग्रजी सांगते. मला येत नाही. दुकानात मी डब्यावरची चित्रं बघून आणते आणि एकदा मांजराचं खाणं आणलं होतं, ते आता उगाळत नाही. पण चार वर्षं रुहीची जर्सी मी हातानं धुतली. मशीनमध्ये अक्षरं निघतात म्हणून. पाठीवर सात अक्षरं. पहिलं डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईसारखं. दुसरी काठी. मग दोन खांब आणि मध्ये तिरका बांबू. मग कुणीतरी घास मोडलेली भाकरी. मग शिडी. मग भिंतीतली खुंटी. आणि शेवटी तीन दातांचं दाताळं. प्रत्येकाला मी साबण लावलाय. अंधारात हात फिरवून सांगेन.

टीव्हीच्या तळाशी एक पट्टी सरकत होती. त्या पट्टीवर आली बाई पाटी घेऊन. मागं काठी. बांबू. मोडकी भाकरी. शिडी. खुंटी.

दाताळं.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. राजेश म्हणतो मी "धुणं! धुणं!" म्हणून ओरडले. असेल. भाऊजींचं मशीन बंद असूनसुद्धा ते दचकले आणि माझी नाडी धरायला धावले.

"मला काय धरता, तिकडे बघा!"

वळले सगळे. पट्टी निघून गेली होती. मग टीव्हीवर रुहीचा फोटो आला, मोठा, भिंतभर, चेंडू घेऊन उडालेली.

पुढची पाच मिनिटं मला नीट लिहिता येणार नाहीत. राजेशचं बनियन पाठीवर फाटलं. हिमानी पायरीवर ठेवलेल्या भांड्यांत पाय घालून पडली आणि पडल्या पडल्या हसायला लागली. भाऊजींनी मशीन पुन्हा चालू केलं आणि ते मला मिठी मारून नाचले. पन्नास वर्षांत त्यांनी मला नमस्कारापलीकडे काही केलं नव्हतं.

"थर्ड राउंड पिक!" राजेश ओरडत होता. "आई, थर्ड राउंड पिक!"

"तिसरं पीक!" मीही ओरडले. "मग उन्हाळीच की! पावसावर कुणाचंही पीक येतं. उन्हाळी पीक ज्याच्या विहिरीला पाणी त्याचंच!"

"वहिनी, पिक म्हणजे निवड," भाऊजी म्हणाले.

"आणि ही लीग खेळतात कधी?"

"मे ते सप्टेंबर. उन्हाळ्यात."

"मग? मी काय वेगळं म्हणाले?"

भाऊजींनी माझ्यासमोर हात जोडले.

तेवढ्यात रुहीचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं आणि तिचे ओठ पांढरे पडले. "कोच आहे," ती म्हणाली. "त्या टीमची."

कुठली टीम ते मी लिहीत नाही. हिमानी म्हणते लिहिताना असली नावं घातली की कोर्टकचेऱ्या होतात. लांबची आहे, विमानाला सहा तास लागतात, एवढं पुरे.

"अगं, उचल मग!" राजेश म्हणाला.

रुहीनं उचलला नाही. ती इलाकडे बघत होती. "आत्या, मी दोन फेऱ्या म्हटलं होतं. ही तिसरी आहे."

फोन वाजून वाजून थांबला.

"रुही, वेडी आहेस का!" हिमानी किंचाळली. "शपथा काय लहान मुलांच्या असतात!"

"आजी म्हणाली, पिंगळ्यांच्या घरात शब्द फिरत नाही."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हटलं नव्हतं, बिघडलं की माझ्याकडेच बघतात?

"इला," मी म्हणाले, "सुटली म्हण."

"का म्हणू?" इलाचे डोळे भरले होते, पण हनुवटी वर होती. माझीच लेक. "आई, थर्ड राउंडमधल्या बहुतेक मुली कॅम्पमधूनच परत येतात. काकांना विचार. महिन्यात हिला घरी पाठवतील. कॉलेजमध्ये सगळं जग टाळ्या वाजवत होतं, तिथं कुणी नावसुद्धा विचारणार नाही. बॅग अर्धी भरलेली ठेवून रोज वाट बघायची, आज राहतेय की आज जातेय. तुला माहितेय कसं असतं ते? मला माहितेय!"

फोन पुन्हा वाजायला लागला. रुहीनं तो पाठीमागं लपवला.

"मलाही माहितेय," मी म्हणाले. "रोज फोनवर मीच होते ना तुझ्या? तुझ्या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी त्या वर्षी किती वेळा काढली होती गं, इला?"

तिनं हातातला फोन खाली ठेवला.

"मार्चात काढली, नाव नाही. तू म्हणालीस, आई, संपलं. जुलैत काढली, नाव नाही. तू सामान विकायला काढलंस. खाट विकलीस, पडदे विकलेस, मिक्सर विकलास. मी म्हणाले मिक्सर ठेव. म्हणालीस, कशाला, भारतात परतच यायचंय. मग नोव्हेंबरात काय झालं?"

फोन थांबला.

"बोल की. सगळ्यांना ऐकू दे. नोव्हेंबरात काय झालं?"

"तिसरी लॉटरी काढली," इला पुटपुटली.

"आणि?"

"आणि नाव आलं."

"मग मी तुला म्हणाले होते का, की पोरी, तिसऱ्या फेरीतलं नाव खरं नसतं, ये परत?"

भाऊजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. राजेश फाटक्या बनियनात उभा. इला माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. मी ओळखला तो. लहानपणी चोरी पकडली की असाच हलायचा.

"तू म्हणाली होतीस," इला म्हणाली, "की आधी नवा मिक्सर विकत घे."

हिमानी पुन्हा सुटली. आणि तिच्या मागं सगळे. हसता हसता इला रडत होती की रडता रडता हसत होती, कुणास ठाऊक. फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला, तशी रुही घाबरून म्हणाली, "आत्या, प्लीज, चौथ्यांदा नाही करणार त्या!"

इला तिच्यासमोर गेली. रुहीच्या खांद्याला लागते ती जेमतेम. तिनं स्वतःच्या गळ्याला चिमटा काढला आणि चिमटीतलं काहीतरी हवेत उडवून दिल्यासारखं केलं.

"सुटली," ती म्हणाली. "सुटली, सुटली, सुटली. उचल आता, गाढवे."

रुहीनं फोन उचलला. "यस, कोच. सॉरी, कोच. फॅमिली थिंग." मग बराच वेळ नुसतं यस मॅम, यस मॅम. आम्ही सगळे कान लावून. भाऊजींनी मशीन पूर्ण मोठं केलं, तर ते शिट्टी मारायला लागलं.

इला माझ्याजवळ येऊन बसली. "परत पाठवलं तर?" कानात म्हणाली.

"तर तुझी गोदामं कुठं पळून जाताहेत? कंप्युटर काय वितळतात चार महिन्यांत?"

"मी बोलते बॉसशी. सप्टेंबरपर्यंत थांबवते जागा."

"बोल. आणि नाही थांबली तर लसूण सोलायला माझ्याकडे पाठव."

तेवढ्यात रुहीनं फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळली. तिचे डोळे असे चमकत होते की मला तिचा पहिला दात पडला तो दिवस आठवला. "त्या विचारताहेत, कॅम्पच्या जर्सीवर नाव कसं लिहायचं. स्पेलिंग."

राजेश सांगायला पुढं झाला. मी हातानं त्याला मागं सारलं.

"मला दे इकडे," मी म्हणाले. "नको, तूच सांग, मला बोलता यायचं नाही. सात अक्षरं म्हणावं. आणि शिवण पक्की घाला, धुणारी मीच येतेय."